'उंदरांमधला ऑटिझम बरा केला' म्हणजे नक्की काय केलं?

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय, कांदिवलीला स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. फॅमिली ग्रुपवर दीरांनी बातमी टाकली, 'शास्त्रज्ञांनी उंदरांमधला ऑटिझम बरा केला', आणि तेव्हापासून सासरे म्हणतायत की चार-पाच वर्षांत गोळी येणारच आहे तर थेरपीवर एवढा पैसा कशाला. शिवाय एका क्लिनिकवाल्याने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, तेही 'उंदरांवर सिद्ध झालेलं आहे' असं म्हणून. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की उंदराला ऑटिझम होतो तरी का?

नाही होत. एवढं उत्तर देऊन थांबले असते, पण मग तुम्ही विचाराल की मग ही सगळी मंडळी करतायत काय, आणि तो प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, न्यूरोसायन्सवाली आहे, मुंबईतच उंदरांच्या वागण्यावर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे मुलाच्या उपचाराबद्दल तुमच्या डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनचंच ऐका, पण 'उंदरांवर सिद्ध झालं' या वाक्याच्या आत काय असतं ते मी सांगू शकते.

ऑटिझमचं निदान आजही वागण्यावरूनच होतं. रक्ताची टेस्ट नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. लिओ कॅनरने १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं तेव्हाही मुलांकडे बघूनच केलं आणि आज तुमच्या डॉक्टरांनी आयसा, म्हणजे ऑटिझम मोजायचं भारतातलं स्केल, लावलं तेव्हाही त्यांनी तेच केलं, फक्त जास्त पद्धतशीर. नजर, बोलणं, समोरच्याबरोबर देवाणघेवाण, तेच तेच करणं, आवाज-स्पर्शाचा त्रास. आता यातलं उंदराला काय विचारणार? उंदीर बोट दाखवत नाही, 'आई, विमान बघ' म्हणत नाही. त्याचा अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, न्यूरॉन साधारण ७ कोटी, आपले ८,६०० कोटी. त्यामुळे लॅबमध्ये ज्याला 'ऑटिझमचा माऊस मॉडेल' म्हणतात तो ऑटिझम झालेला उंदीर नसतो. ऑटिझम असलेल्या काही मुलांमध्ये जो एक जीन बिघडलेला सापडला तोच जीन मुद्दाम बिघडवलेला उंदीर असतो तो. हा फरक बातमीत कुठेच येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

जीनपर्यंत गाडी आली कशी ते सांगते, कारण घरात कोणी ना कोणी 'तू मोबाईल दिलास म्हणून' किंवा 'तू नोकरीला जातेस म्हणून' असं बोललेलं असणारच. एकेकाळी तर डॉक्टर लोकच म्हणायचे की आई थंड स्वभावाची असली की मूल असं होतं, कितीतरी बायकांनी तो दोष आयुष्यभर डोक्यावर वागवला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या आणि दिसलं की एकसारख्या जुळ्यांत एकाला ऑटिझम असला तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षा खूपच जास्त आहे. म्हणजे आनुवंशिकता. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांचा डेटा बघून आलेला अंदाजही तोच, ऑटिझम होण्याच्या शक्यतेत माणसामाणसात जो फरक असतो त्यातला साधारण ८० टक्के जीन्समुळे. मोबाईलचा काहीच संबंध नाही असं नाही म्हणत, स्क्रीन कमी केलेली बरीच, पण ऑटिझम त्याने आणलेला नाही.

मग जीन कोणते? २००३ मध्ये पॅरिसच्या थॉमस बुर्जरॉन यांच्या टीमला स्वीडनमधल्या दोन कुटुंबांत ऑटिझम असलेल्या भावांमध्ये न्यूरोलिजिन नावाच्या प्रोटीनच्या जीन्समध्ये म्युटेशन सापडलं. दोन न्यूरॉन एकमेकांना जिथे भेटतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात आणि न्यूरोलिजिन तिथे दोन बाजू धरून ठेवायला मदत करतं. चार वर्षांनी थॉमस ज्यूडॉफ यांच्या लॅबने तेच म्युटेशन, अगदी तेच एक अक्षर बदललेलं, उंदरात घातलं. असं जीन बदलण्याचं तंत्र ज्यांनी शोधलं त्या तिघांना त्याच वर्षी, २००७ मध्ये, नोबेल मिळालं, ज्यूडॉफना वेगळ्या कामासाठी २०१३ मध्ये. त्यानंतर असा एकेक जीन बिघडवलेल्या उंदरांचा नुसता पूर आला. शँक३, सिनगॅप१, सीएनटीएनएपी२, पीटेन, सीएचडी८... २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासात ३५ हजारांवर लोकांचे जीन तपासून ऑटिझमशी पक्का संबंध असलेले १०२ जीन काढले, आणि त्यातले बरेचसे दोनच प्रकारची कामं करतात, एक तर सिनॅप्स नीट चालवणं, नाहीतर बाकीचे जीन कधी चालू कधी बंद करायचे ते ठरवणं.

शंभराच्या वर जीन आणि एकच नाव, ऑटिझम. कल्याणची लोकल वीस मिनिटं लेट आहे एवढंच तुम्हाला इंडिकेटरवर दिसतं, पण कारण कधी सिग्नल, कधी ओव्हरहेड वायर, कधी रुळावर पाणी. लॅबवाले काय करतात तर मुद्दाम एकच वायर तोडतात आणि बघतात गाडी कुठे अडते. त्यातून त्या वायरबद्दल खूप कळतं. पण ती वायर जोडून गाडी सुटली म्हणजे 'मध्य रेल्वेचा लेट होण्याचा प्रश्न सुटला' असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल. आणि बहुतेक मुलांमध्ये अशी एक तुटलेली वायर सापडतच नाही, शेकडो-हजारो छोटे छोटे फरक एकत्र येऊन परिणाम झालेला असतो, आणि हे हजारो फरक उंदरात घालता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष लॅबमध्ये काय चालतं. तुमच्या डोळ्यासमोर लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर आला असेल, पण यातले बरेचसे काळे असतात, सी५७ ब्लॅक ६ म्हणतात त्या जातीला. मादीचे दिवस १९-२०, पिल्लं २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करायची, शेपटीचं किंवा कानाचं छोटं टोक काढून जीनोटायपिंग करायचं म्हणजे कळतं कोणाचा जीन बिघडलेला आणि कोणाचा चांगला. तुलना नेहमी एकाच वेतातल्या भावंडांची करायची, नाहीतर आईच्या वागण्याचा फरक तुम्ही जीनच्या नावावर खपवाल. आणि ज्याने मोजायचं त्याला माहीत नसलं पाहिजे की समोरचा कोण आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं, ज्या पेपरमध्ये हे नीट लिहिलेलं नसतं तो मी बाजूलाच ठेवते. (गंमत म्हणजे बाहेर रात्री महापालिकेची माणसं टॉर्च आणि काठी घेऊन उंदीर मारत फिरत असतात आणि आत आम्ही एसीचं तापमान अर्ध्या डिग्रीने हललं तरी धावत जातो.)

सोशल वागणं मोजायची सगळ्यात चालणारी टेस्ट म्हणजे तीन खणांची पेटी. जॅकलिन क्रॉली यांच्या ग्रुपने आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांनी २००४ च्या सुमारास ती बसवली. मधल्या खणात आपला उंदीर, एका बाजूला तारेच्या उपड्या पिंजऱ्यात अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला तसाच रिकामा पिंजरा. दहा मिनिटं मोजायचं की आपला गडी कोणाजवळ जास्त वेळ थांबतो. साधा उंदीर दुसऱ्या उंदराकडे जातो, कारण कुतूहल. काही मॉडेल्समध्ये दोन्हीकडे सारखाच वेळ जातो, की लिहायचं 'सोशल डेफिसिट'. आता तुम्हीच सांगा, यातून तुमच्या मुलाबद्दल काय कळलं? तो कदाचित सोसायटीतल्या पोरांजवळ जाऊन उभा राहतही असेल, त्याची अडचण ही आहे की जाऊन पुढे काय करायचं ते त्याला उमगत नाही. आणि उंदराचं जग वासाचं आहे, जीन बिघडल्यामुळे वासच नीट येत नसेल तरी टेस्टमध्ये 'सोशल डेफिसिट'च दिसणार, म्हणून आधी बेडिंगमध्ये बिस्किटाचा तुकडा पुरून तो शोधतो का ते बघायचं असतं. हे सगळे करतातच असं नाही.

तेच तेच करणं मोजायला ग्रूमिंग, म्हणजे उंदीर स्वतःला किती वेळ चाटत-चोळत बसतो ते, नाहीतर गोट्या. हो, आपल्या खेळायच्या काचेच्या गोट्या, पिंजऱ्यात भुशावर मांडून ठेवायच्या आणि अर्ध्या तासात किती पुरल्या ते मोजायचं, आम्ही त्या क्रॉफर्ड मार्केटमधून डझनाने आणायचो आणि अकाउंट्सवाला दरवेळी बिलाकडे बघून वर बघायचा. पिल्लांचा आवाजही रेकॉर्ड करतात. आईपासून दूर केलं की पिल्लू ओरडतं पण इतक्या वरच्या पट्टीत की आपल्याला ऐकूच येत नाही, आपला कान २० किलोहर्ट्झला संपतो आणि यांचं बरंचसं बोलणं ५० च्या पुढे, त्यामुळे वेगळा मायक्रोफोन लागतो. काही मॉडेल्समध्ये पिल्लं कमी ओरडतात, काहींत उलट जास्त ओरडतात, आणि दोन्ही वेळा पेपरमध्ये 'ऑटिझमसदृश' असं लिहिलेलं मी वाचलंय, आता बोला.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे कळायला एक जुना प्रयोग बघा. १९९९ मध्ये जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन अशा तीन ठिकाणी त्याच जातींचे, त्याच वयाचे उंदीर घेतले, तीच उपकरणं, तीच वेळ, सगळं शक्य तेवढं सारखं केलं, तरी काही टेस्टमध्ये तीन लॅबचे निकाल वेगवेगळे आले. नंतर कळत गेलं की उंदराला शेपटीने उचललं तर तो जास्त घाबरतो, ओंजळीत किंवा नळीतून घेतलं तर कमी. २०१४ मध्ये तर एका कॅनेडियन ग्रुपने दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टीशर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांचा स्ट्रेस वाढतो, बाईच्या टीशर्टने नाही. मुंबईत तर बाजूच्या प्लॉटवर पायलिंग चालू झालं की त्या आठवड्याचा डेटा घ्यायचा की नाही यावर भांडणं व्हायची. म्हणून एका लॅबच्या एका पेपरवर बातमी आली की मी आधी बघते दुसऱ्या कोणाला तेच दिसलंय का.

एवढं सगळं वाचून वाटेल की मग हे काम फुकट आहे का. अजिबात नाही, आणि इथेच माझं बऱ्याच पालकांशी जमत नाही, कारण बातमी ज्याला यश म्हणते ते मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही आणि मला जे मोठं वाटतं ते बातमीत येत नाही.

उदाहरणार्थ स्पर्श. तुम्ही लिहिलंय की मुलगा शर्टाच्या मानेचं लेबल सहन करत नाही, केस कापायला नेलं की अख्खं सलून डोक्यावर घेतो. हार्वर्डमध्ये डेव्हिड गिंटी यांच्या लॅबमध्ये लॉरेन ओरेफिस यांनी २०१६ मध्ये एक फार हुशार प्रयोग केला. एमईसीपी२ सारखे ऑटिझमशी संबंधित जीन त्यांनी मेंदूत बिघडवलेच नाहीत, फक्त कातडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या न्यूरॉनमध्ये बिघडवले. मेंदूतला जीन ठणठणीत. तरी ते उंदीर हलक्या फुंकरीनेही दचकायचे, आणि मोठे झाल्यावर घाबरट आणि इतरांपासून लांब राहणारे झाले. उलट, मोठेपणी बिघडवलं तर स्पर्शाचा त्रास झाला पण बाकीचं वागणं बदललं नाही. म्हणजे लहानपणी शरीराकडून येणारा निरोपच कर्कश असेल तर त्याचा परिणाम पुढे सोशल वागण्यावर होऊ शकतो, निदान उंदरात. हा प्रयोग माणसावर कधीच करता आला नसता. याचं औषध अजून नाही, पण निदान 'लाडावलाय म्हणून लेबलावरून तमाशा करतो' हे वाक्य बंद व्हायला हरकत नाही.

दुसरं, वयाचं. जीन जन्मापासून बिघडलेला असेल आणि नंतर दुरुस्त केला तर उपयोग होतो का, हा प्रश्न फक्त उंदरातच विचारता येतो. २००७ मध्ये एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या लॅबने रेट सिंड्रोमच्या (एमईसीपी२ बिघडल्याने मुख्यतः मुलींना होणारा मेंदूचा आजार) उंदरात एमईसीपी२ जीन असा बसवला की हवा तेव्हा चालू करता येईल. आजारी, थरथरणारे, मोठे झालेले उंदीर, जीन चालू केला आणि बरेचसे सुधारले. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की मेंदू एकदा चुकीचा बांधला गेला की संपलं. मग शँक३ वर ग्वापिंग फेंग यांच्या एमआयटीतल्या लॅबने २०१६ मध्ये तेच केलं. हे उंदीर स्वतःला इतके चोळतात की तोंडावर जखमा होतात. मोठेपणी जीन परत चालू केला तर चोळणं कमी झालं, दुसऱ्या उंदरांशी वागणं सुधारलं, पण भीती आणि अंगाचा तोल तसाच राहिला, पिल्लू असताना चालू केला तर त्यातही फायदा झाला. आणि सिनगॅप१ मध्ये चित्र आणखी वेगळं. जेम्स क्लेमेंट, जे पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये आले, त्यांच्या २०१२ च्या कामात दिसलं की या उंदरांत सिनॅप्स वेळेआधीच पिकतात, आणि मोठेपणी जीन दुरुस्त करून वागणं-शिकणं सुधारलं नाही. नंतर २०१९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात मोठेपणी दुरुस्त केल्यावरही स्मरणशक्तीसारख्या काही गोष्टी सुधारल्या. म्हणजे 'लहानपणीच काय ते, नंतर काही नाही' हेही खरं नाही आणि 'कधीही करा' हेही नाही, कोणता जीन आणि कोणतं लक्षण यावर आहे. बातमीत मात्र या सगळ्या प्रयोगांचं शीर्षक एकच येईल.

आता सासऱ्यांची गोळी. यावर जरा सविस्तर लिहिते कारण हा इतिहास पालकांना कोणी सांगत नाही.

फ्रॅजाइल एक्स म्हणून एक सिंड्रोम आहे, एफएमआर१ हा एकच जीन बंद पडतो, त्यातल्या बऱ्याच मुलांना ऑटिझम असतो. जीन १९९१ मध्ये सापडला, १९९४ मध्ये उंदीर तयार. या उंदरांना जोरात बेल वाजवली की फिट येते, त्यामुळे मोजायलाही सोपं. २००४ मध्ये मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की यात एमग्लुआर५ नावाचा रिसेप्टर (न्यूरॉनवरचा निरोप घेणारा प्रोटीन) जास्त जोरात चालतो, तो दाबला तर सुधारणा होईल. आणि झाली! फिट्स कमी, सिनॅप्सचे आकार नीट, एकामागून एक लॅबमध्ये. आपल्याकडे बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या ग्रुपलाही अमिग्डाला या मेंदूच्या भीतीशी संबंधित भागामध्ये या औषधाने काही दोष भरून निघताना दिसले. याच्यापेक्षा भक्कम केस ऑटिझमच्या आसपासच्या कुठल्याही आजारात नव्हती. नोव्हार्टिस आणि रोश या दोन औषध कंपन्यांनी माणसांवर ट्रायल केल्या. दोन्ही फसल्या, नोव्हार्टिसने २०१४ मध्ये आपला कार्यक्रम बंद केला. लोक म्हणाले तुम्ही फार मोठ्या मुलांना दिलं, लहानपणी द्यायला हवं होतं. मग ३२ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना भाषेच्या थेरपीबरोबर देऊन बघितलं. तरीही औषधाचा फायदा दिसला नाही.

बुमेटॅनाइड, लघवी जास्त होण्याचं जुनं स्वस्त औषध. उंदरात आणि रॅट म्हणतात त्या मोठ्या उंदरात दिसलं की त्याने न्यूरॉनमधलं क्लोराइड कमी होतं आणि गाबाचं, म्हणजे न्यूरॉनना शांत करणाऱ्या रसायनाचं, काम नीट होतं. छोट्या ट्रायलमध्ये पालक खुश. दोन मोठ्या ट्रायलमध्ये मिळून ४०० हून जास्त मुलं घेतली, २०२१ मध्ये दोन्ही थांबवाव्या लागल्या, खोट्या औषधापेक्षा काही फरक नाही. ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे, 'प्रेमाचं हॉर्मोन' म्हणून पेपरवाल्यांचा लाडका, २९० मुलांवर २४ आठवडे दिला, निकाल तोच. ट्यूबरस स्क्लेरोसिस या अंगात गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजारात रॅपामायसिन या औषधाच्या भावंडाने गाठी आणि फिट्सना खरा फायदा होतो, पण शिकण्या-वागण्यात उंदरांसारखी सुधारणा मुलांत दिसली नाही.

का फसतात? एक कारण मी वर सांगितलंच, मोजतो ते आणि तुम्हाला हवंय ते वेगळं आहे. दुसरं, उंदीर सगळे एकाच जातीचे, जवळजवळ जुळ्यांसारखे, आणि मुलं प्रत्येक वेगळं. डोसचा प्रश्न आहे, किती दिवस द्यायचं हा प्रश्न आहे. पण मला सगळ्यात खटकणारं कारण म्हणजे उंदराला आई-वडील नसतात फॉर्म भरायला. माणसांच्या ट्रायलमध्ये सुधारणा बहुतेकदा पालकांच्या प्रश्नावलीवर मोजतात, आणि काहीतरी नवीन चालू आहे म्हटलं की आपण जास्त लक्ष देतो, जास्त खेळतो, बारीकशी गोष्टही टिपतो, आणि मूल तर तसंही वाढतच असतं. खोट्या गोळीच्या गटातही मुलं 'सुधारतात', कधीकधी चांगलीच. म्हणून 'माझ्या मुलाला फरक पडला' असं कोणी मनापासून सांगितलं तरी त्यावरून औषध चाललं असं धरता येत नाही, खोटं बोलतात म्हणून नाही, खरंच तसं दिसतं म्हणून.

उंदरात जे चाललं ते माणसात कधी चालतच नाही असंही नाही. रेट सिंड्रोमसाठी ट्रोफिनेटाइड हे औषध अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं, उंदरांवरच्या कामातून पुढे आलेलं. पण फायदा माफक आहे, जुलाब बऱ्याच जणींना होतात, आणि मुख्य म्हणजे ते रेटसाठी आहे, 'ऑटिझम'साठी नाही. एक जीन, एक आजार, त्याचं औषध, अशाच वाटेने पुढची औषधं येतील असं माझं मत आहे. ऑटिझमच्या नावाने अमेरिकेत मंजूर असलेली दोनच, रिस्पेरिडोन २००६ आणि अॅरिपिप्राझोल २००९, आणि तीही चिडचिड-आक्रस्ताळेपणासाठी, मूळ लक्षणांसाठी नव्हे. यावरून आठवलं, सीएनटीएनएपी२ च्या उंदरांना रिस्पेरिडोन दिलं तर तेच तेच करणं कमी होतं पण सोशल वागण्यात फरक पडत नाही, म्हणजे या एका बाबतीत उंदीर अगदी मुलांसारखाच निघाला.

तेव्हा सासऱ्यांना सांगा, स्पीच आणि ओटी गोळीच्या आशेवर बंद करू नका. गोळीला पाच वर्षं लागतील की पन्नास हे कोणीच सांगू शकत नाही, पण साडेचार ते साडेनऊ ही त्याची वर्षं परत येणार नाहीत.

स्टेम सेलबद्दल मात्र मी गुळमुळीत बोलणार नाही. नका करू. 'उंदरांवर सिद्ध' या शब्दांना किती वजन द्यायचं ते वर आलंच. माणसांवरचं नीट काम म्हणजे अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीने १८० मुलांना नाळेचं रक्त किंवा खोटं औषध देऊन केलेली ट्रायल, २०२० मध्ये आली, जे मुख्य माप ठरवलं होतं त्यात फरक दिसला नाही. आपल्याकडे नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं लेखी सांगितलंय, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार असलं काही करायचंच असेल तर ते मंजूर क्लिनिकल ट्रायल म्हणूनच. आणि ट्रायलमध्ये पालकांकडून पैसे घेत नाहीत. म्हणून क्लिनिकवाल्याला दोनच गोष्टी विचारा, ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदणी) नंबर काय, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले. नंबर दिलाच तर वेबसाइटवर टाकून बघा, त्यात कुठला आजार लिहिलाय आणि पैशांचं काय लिहिलंय.

त्या पैशातला छोटासा भाग एका ठिकाणी घालावा असं मला वाटतं, ते म्हणजे जेनेटिक टेस्टिंग, अजून झालं नसेल तर. क्रोमोसोमल मायक्रोअॅरे (क्रोमोसोमचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी टेस्ट), फ्रॅजाइल एक्सची वेगळी टेस्ट (ती साध्या एक्झोममध्ये नीट पकडली जात नाही), आणि डॉक्टर म्हणाले तर एक्झोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा प्रोटीन बनवणारा भाग वाचणारी टेस्ट. फक्त ऑटिझम असेल तर एक्झोममध्ये कारण सापडायचं प्रमाण साधारण १६ टक्के, सोबत फिट्स किंवा बौद्धिक अडचण असेल तर त्याहून बरंच जास्त. सापडलं तर मुलगा उद्यापासून बोलायला लागणार नाही, पण फिट्सवर लक्ष ठेवायचं का, किडनी-हार्ट तपासायचं का, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर धोका किती हे कळतं, फ्रॅजाइल एक्स निघालं तर तुमच्या बहिणींनाही सांगावं लागेल कारण तो आईकडून येतो. आणि त्या जीनच्या नावाने एखादी खरी ट्रायल निघाली तर तुम्ही यादीत असाल. मात्र टेस्ट थेट लॅबला फोन करून घरी सॅम्पल देऊन करू नका, आधी जेनेटिक्सच्या ओपीडीत दाखवा, कारण रिपोर्टवर बऱ्याचदा 'अर्थ अजून नक्की नाही' अशा प्रकारचा बदल लिहून येतो, तो अनेकदा आई किंवा बाबांमध्येही असतो आणि त्याचा काही संबंध नसतो, त्यामुळे तिघांचं सॅम्पल एकत्र गेलेलं बरं. रिपोर्ट आला की जीनचं नाव इथे लिहा, त्याचा उंदीर आहे का आणि त्यात काय दिसलंय ते मी सांगेन.